छापखाना कुणाच्या हाती?

नोव्हेंबर 2024 मधला तो व्हिडिओ तुमच्या मोबाइलवरही येऊन गेला असेल. न्यूझीलंडच्या संसदेत बावीस वर्षांची एक खासदार उभी राहते, हातातलं विधेयक फाडते आणि हाका, म्हणजे माओरींचं पारंपरिक आवेशपूर्ण समूहनृत्य, सुरू करते. शेजारचे खासदार तिच्या सुरात सूर मिळवतात, प्रेक्षकांच्या सज्जातून आवाज घुमतो, सभापतींना कामकाज थांबवावं लागतं. हाना-राफिती माइपी-क्लार्क हे नाव एका दिवसात जगभर झालं. कोट्यवधी लोकांनी ते दृश्य पाहिलं आणि पुढे पाठवलं.

विधेयक कसलं होतं, हे किती जणांनी विचारलं?

ते 1840 च्या वाइतांगी कराराबद्दल होतं. ब्रिटिश राजसत्ता आणि न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींचे प्रमुख यांच्यातला हा करार म्हणजे न्यूझीलंड या राष्ट्राचा पाया. गेल्या पन्नास वर्षांत न्यायालयं, करारभंगाच्या तक्रारी तपासणारं वाइतांगी न्यायाधिकरण आणि संसद यांनी त्या करारातून काही तत्त्वं काढली. जमीन, भाषा, पाणी, शिक्षण, आरोग्य अशा अनेक बाबतींत माओरींचं म्हणणं त्या तत्त्वांच्या आधारावर उभं आहे. ॲक्ट पक्षाचे नेते डेव्हिड सीमोर यांना ती तत्त्वं नव्याने, कायद्याने ठरवायची होती. त्याविरुद्ध उत्तर टोकापासून निघालेली पदयात्रा, म्हणजे हिकोई, 19 नोव्हेंबरला वेलिंग्टनला पोचली. पोलिसांच्या अंदाजाने 42 हजार माणसं संसदेसमोर होती. पुढे संसदीय समितीकडे तीन लाखांवर निवेदनं आली, त्यातली बहुसंख्य विरोधातली. 10 एप्रिल 2025 रोजी विधेयक 112 विरुद्ध 11 मतांनी पडलं.

त्याच सुमाराची दुसरी एक बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही. माओरींची स्वतःची वाहिनी ‘फाकाआता माओरी’. 2004 पासून तिच्यावर रोजच्या बातम्या लागायच्या. सरकारी निधी घटला आणि डिसेंबर 2024 मध्ये टीव्हीवरचं ते बातमीपत्र बंद झालं. बातम्या आता फक्त ऑनलाइन. कराराच्या अर्थावर देशात इतका मोठा वाद या पिढीने पाहिला नव्हता, आणि नेमक्या त्याच वर्षी त्या वादातल्या एका पक्षाची रोजची बातमी टीव्हीवरून उतरली.

मला हे भयंकर वाटतं. पैसे वाचवण्याचा निर्णय म्हणून तो फायलीत नोंदला गेला असेल. परिणाम मात्र वादावर झाला.

कारण सार्वजनिक वाद एका व्हिडिओवर चालत नाही. तो चालतो रोजच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामावर. समितीत कोण काय बोललं, कलम तीनमध्ये काय बदललं, मंत्र्याने गेल्या वर्षी काय सांगितलं होतं आणि आज काय सांगतोय. हे काम करायला पगारी बातमीदार लागतात, कॅमेरा लागतो, आणि ‘आज हेच पहिल्या बातमीला घ्यायचं’ म्हणणारा संपादक लागतो. हाका जगाने पाहिली. हाकेच्या आधीचे आणि नंतरचे तीनशे दिवस कोण दाखवणार, हा खरा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न आजचा नाही. तो कसा सुरू झाला, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

1858 च्या अखेरीस ‘नोव्हारा’ नावाचं ऑस्ट्रियन जहाज जगप्रदक्षिणा करत ऑकलंडला आलं. परतताना त्यातून दोन माओरी पुरुष व्हिएन्नाला गेले, विरेमु तोएतोए आणि ते हेमारा रेरेहाउ. तिथल्या शाही मुद्रणालयात ते खिळे जुळवायला, पानं लावायला, यंत्र चालवायला शिकले. निघताना ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडून त्यांना काय मिळालं? छापखाना. हाताने चालवायचं मुद्रणयंत्र आणि खिळे. ते समुद्रमार्गे ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या वाइकाटो प्रदेशात पोचलं. तिथे माओरींनी नुकताच आपला राजा नेमला होता, जमीन विकणं थांबवण्यासाठी. त्या किंगितांगा चळवळीच्या न्गारुआवाहिआ इथल्या ठाण्यावरून ‘ते होकिओई’ हे वर्तमानपत्र निघू लागलं, संपादक पातारा ते तुही. संपूर्ण माओरीत. राज्यपाल काय करतो आहे, रस्ता कशासाठी बांधला जातो आहे, जमीन का विकू नये, हे सगळं त्यात यायचं.

सरकारची पंचाईत झाली. तोवर माओरी भाषेतली वर्तमानपत्रं बहुतेक सरकारची किंवा मिशनऱ्यांची होती. 1842 पासून ती निघत होती आणि त्यांतून माओरींना काय सांगायचं ते वरून ठरायचं. आता प्रथमच उलट दिशेने छापील मजकूर येऊ लागला. मग सरकारने वाइकाटोच्या ऐन मध्यात, ते आवामुतूला, आपला छापखाना आणून बसवला. जॉन गोर्स्ट या अधिकाऱ्याने 1863 च्या फेब्रुवारीत ‘ते पिहोइहोई मोकेमोके’ सुरू केलं, तेही माओरीतच. होकिओईच्या लिखाणाला उत्तर द्यायचं, राजाच्या अधिकाराची खिल्ली उडवायची, हे त्याचं काम. जेमतेम पाच अंक तयार झाले. मार्च संपायच्या आत राजाच्या बाजूचे प्रमुख रेवी मानियापोटो यांची माणसं आली आणि छापखाना उचलून घेऊन गेली. गोर्स्टला तिथून निघावं लागलं. जुलैमध्ये ब्रिटिश फौजा वाइकाटोत घुसल्या, युद्ध झालं, आणि लाखो एकर जमीन जप्त झाली.

दोन छापखाने, एकच भाषा. युद्धाच्या आधी काही महिने हा वाद शब्दांत चालू होता आणि दोन्ही बाजूंना छापखान्याची किंमत कळलेली होती. रेवींच्या माणसांनी छापखाना उचलला याचं मी समर्थन करत नाही. तरी एवढं नक्की, की ज्याचं म्हणणं छापून येतं त्याचं म्हणणं टिकतं, हे त्यांना त्या दिवशीच पुरतं उमगलं होतं.

नंतरही माओरी वर्तमानपत्रं निघत राहिली. 1870 च्या दशकात हॉक्स बेमध्ये ‘ते वानांगा’ने जमिनीच्या फसव्या खरेदीखतांवर रान उठवलं. पण वाचक विखुरलेले, जमीन गेलेली, पैसा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही परंपरा क्षीण झाली. शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना छड्या बसायच्या तो हाच काळ. वादात बोलायचं तर इंग्रजीत, आणि छापायचं की नाही ते इंग्रजी वर्तमानपत्राचा संपादक ठरवणार.

ती वर्तमानपत्रं काय छापत होती? याचं उत्तर 30 नोव्हेंबर 2020 रोजी मिळालं. ‘स्टफ’ या न्यूझीलंडच्या मोठ्या वृत्तसमूहाने आपल्याच जुन्या अंकांची झडती घेतली. वीसेक पत्रकार कामाला लावले, सुरुवातीच्या काळापासूनचे अंक काढून वाचले आणि पहिल्या पानावर माओरी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत माफी मागितली. सुमारे 160 वर्षं आमचं वार्तांकन कधी उघड वंशद्वेषी तर कधी झापडबंद होतं, अशी कबुली दिली. या कामात पुढाकार होता माओरी पत्रकार कार्मेन पाराही यांचा. मला या माफीचं मनापासून कौतुक आहे. किती वृत्तसमूहांत एवढी हिंमत असते? पण 160 वर्षं त्या पानांनी जे मत घडवलं ते एका दिवसाच्या पानाने पुसलं जात नाही. त्याच मतावर आजचे मतदार मोठे झाले आहेत.

म्हणून कॅमेरा स्वतःच्या हाती घेणाऱ्यांबद्दल मला विशेष आदर आहे.

1974 मध्ये बॅरी बार्कले या दिग्दर्शकाने ‘तांगाता फेनुआ’ ही सहा भागांची मालिका केली. लेखन आणि निवेदन इतिहासकार मायकेल किंग यांचं. माओरी माणूस आपल्या घरात, आपल्या पद्धतीने बोलतो आहे, हे न्यूझीलंडच्या टीव्हीवर प्रथमच इतकं सविस्तर दिसलं. त्या काळची रीत अशी, की कॅमेरा तोंडासमोर आणायचा, दिवे लावायचे, प्रश्न विचारायचा, उत्तर दोन वाक्यांत घ्यायचं आणि निघायचं. बार्कलेंनी कॅमेरा मागे नेला. लांबच्या भिंगातून टिपायचं, यंत्राची घरघर ऐकू येऊ नये म्हणून ते पांघरुणात गुंडाळायचं आणि म्हातारी माणसं एकमेकांशी बोलत बसली की मधे तोंड घालायचं नाही. त्यांच्या बोलण्यात लांब विराम असतील तर विरामही ठेवायचे. सभेत ज्येष्ठ बोलतो तेव्हा धाकट्याने जसं गप्प बसून ऐकायचं, तसं कॅमेऱ्याने ऐकायचं. बार्कले एवढ्यावर थांबले नाहीत. टिपलेली प्रतिमा ज्यांची आहे त्यांच्याकडेच तिचं पालकत्व राहायला हवं, असा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. फिल्म संग्रहालयाच्या व्यवहारातही त्यांनी तो उतरवला.

हा आग्रह तेव्हा काहींना भाबडा वाटला असेल. ऑगस्ट 2025 मध्ये तो किती रोकडा होता ते कळलं. स्थानिक निवडणुकीत माओरी मतदारांसाठीचे राखीव प्रभाग ठेवायचे की नाहीत यावर सार्वमत होतं. प्रभागांच्या विरोधात ‘हॉब्सन्स प्लेज’ या गटाने मोठे फलक लावले आणि त्यावर हनुवटीवर मोको, म्हणजे पारंपरिक माओरी गोंदण, असलेल्या एका वृद्ध माओरी स्त्रीचा हसरा चेहरा छापला. फोटो विकत मिळणाऱ्या संग्रहातला. त्या आजींना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांचं मत नेमकं उलट होतं. गावातल्या रस्त्यावर त्यांचाच चेहरा त्यांच्याच विरोधात प्रचार करत उभा. ओरड झाल्यावर फलक उतरले, दिलगिरीही आली. त्या आजींना किती मनस्ताप झाला असेल याचा विचार करा, म्हणजे बार्कले कशाबद्दल बोलत होते ते समजेल.

दिग्दर्शिका मेराता मीता हे दुसरं नाव. ऑकलंडमधल्या ताकापाराफाउ, म्हणजे बॅस्टियन पॉइंटवर, न्गाती फातुआ लोकांनी जानेवारी 1977 मध्ये आपल्या उरल्यासुरल्या जमिनीवर ठाण मांडलं. सरकारला ती जागा महागड्या घरांसाठी हवी होती. 506 दिवस माणसं हलली नाहीत. 25 मे 1978 रोजी पोलीस आणि लष्कर आलं, 222 जणांना अटक झाली. मीता आणि त्यांचे सहकारी आत होते, आंदोलकांच्या बाजूला. बाहेरच्या वाहिन्यांचे कॅमेरे पोलिसांच्या मागून दृश्य पाहत होते. यांच्या कॅमेऱ्यासमोर मात्र पोलीस येत होते. त्यांचा ‘बॅस्टियन पॉइंट: डे 507’ हा माहितीपट पाहताना कळतं, की एकच घटना, कॅमेरा कुठल्या बाजूला उभा आहे यावर ‘अतिक्रमण हटवलं’ होते किंवा ‘घरातून काढलं’ होते. न्यायाधिकरणाच्या अहवालानंतर 1988 मध्ये सरकारने जमीन परत केली. तेव्हा कुठे देशाने मान्य केलं, की आतल्या कॅमेऱ्याने खरं तेच दाखवलं होतं.

पुढे 1981 च्या दक्षिण आफ्रिकी रग्बी दौऱ्याविरुद्धच्या आंदोलनावर मीतांनी ‘पातू!’ हा माहितीपट केला. चित्रफितींवरून आंदोलक ओळखले जाऊ नयेत, त्या पोलिसांच्या हाती पडू नयेत, म्हणून त्या जपण्याची धडपड करावी लागली. तेव्हा त्यांच्या पदरी लहान मुलं होती. हे सगळं फारशा पैशाविना.

एकेकट्याच्या जिद्दीवर किती चालणार? रोज चालेल अशी संस्था हवी होती. ती मिळवायला माओरींना न्यायालयात जावं लागलं, हे आपल्याकडच्या भाषाप्रेमींनी मुद्दाम लक्षात घ्यावं. 1972 मध्ये तीस हजारांवर सह्यांचं भाषेचं निवेदन संसदेत गेलं. 1982 मध्ये माओरी भाषा सप्ताहात टीव्हीवर ‘ते कारेरे’ हे काही मिनिटांचं बातमीपत्र सुरू झालं, डेरेक फॉक्स यांच्या पुढाकाराने. संध्याकाळच्या मुख्य बातम्यांपासून दूर, अडनिड्या वेळी त्याला जागा मिळाली. 1985 मध्ये हुइरांगी वाइकेरेपुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यायाधिकरणापुढे मांडलं, की भाषा हा करारात सांगितलेला ठेवा आहे आणि तो राखणं सरकारचं कर्तव्य आहे. न्यायाधिकरणाने मानलं. 1987 मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. सरकारी प्रसारण संस्थेच्या कंपन्या झाल्या तेव्हा माओरी कौन्सिल थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली. 1993 च्या निकालात अपील हरलं, पण निकालात स्पष्ट लिहिलं गेलं, की सरकारवर भाषा राखण्याची जबाबदारी आहे. माओरी प्रसारणाला निधी देणारी ‘ते मांगाई पाहो’ ही संस्था त्याच काळात उभी राहिली. इवींची, म्हणजे वंशसमूहांची, रेडिओ केंद्रं गावोगावी चालू लागली ती या पैशावर.

वाहिनीला मात्र आणखी दहा वर्षं लागली. आणि ती दहा वर्षं इतर माध्यमांनी कशी खर्च केली? 1997 मध्ये ‘आओतेआरोआ टेलिव्हिजन नेटवर्क’ हा पहिला प्रयोग कोसळला. त्यातल्या एका संचालकाने, जो तोवर खासदार झाला होता, कंपनीच्या पैशातून 89 डॉलरची अंडरपँट घेतल्याचं उघड झालं. उधळपट्टी चूकच. तिच्यावर टीका व्हायलाच हवी होती. पण ती 89 डॉलरची अंडरपँट वर्षानुवर्षं पुरवली गेली, आणि वाहिनी का हवी हा मुद्दा तिच्याखाली दबला. 2002 मध्ये नव्या वाहिनीचा मुख्याधिकारी म्हणून जॉन डेव्ही नेमला गेला. कॅनडातून आलेल्या या माणसाची पदवी खोटी निघाली, तो तुरुंगात गेला. फसवणारा बाहेरचा, फसले माओरी, आणि ‘यांना वाहिनी झेपणार नाही’ हा शिक्का बसला तोही माओरींवर. सरकारी खात्यांत, खासगी कंपन्यांत असे घोटाळे होतात तेव्हा ते त्या माणसाचे असतात. इथे ते एका समाजाचे झाले.

28 मार्च 2004 रोजी ‘माओरी टेलिव्हिजन’, म्हणजे आजची ‘फाकाआता माओरी’, सुरू झालं. काळ पाहा. जानेवारीत विरोधी पक्षनेते डॉन ब्रॅश यांनी ओरेवा इथल्या भाषणात माओरींच्या ‘खास सवलतीं’वर तोफ डागली होती आणि जनमत चाचण्यांत त्यांचा पक्ष उसळला होता. समुद्रकिनारा आणि सागरतळ यांच्या मालकीवरून सरकार कायदा करत होतं. वाहिनी सुरू होऊन सहा आठवडेही झाले नव्हते आणि 5 मे रोजी हजारो माणसांची हिकोई संसदेवर पोचली. पंतप्रधान हेलन क्लार्क त्यांना भेटल्या नाहीत. त्या दिवसांत त्यांनी वेळ दिला तो श्रेक नावाच्या एका मेंढ्याला. वर्षानुवर्षं कातरणी चुकवून गुहेत राहिल्यामुळे तो प्रसिद्ध झाला होता. त्याच्यासोबत त्यांचे फोटो निघाले. नव्या वाहिनीचे बातमीदार मोर्चासोबत चालत होते, म्हाताऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलत होते, किनाऱ्याशी त्यांचं नातं काय ते विचारत होते. ‘द्वेष पसरवणारे’ अशी ज्यांची संभावना सरकारकडून झाली, त्यांचं म्हणणं त्या दिवशी पूर्ण वाक्यांत प्रसारित झालं. नंतर याच वाहिनीने अँझॅक दिनाचं, म्हणजे युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाचं, दिवसभराचं प्रक्षेपण सुरू केलं आणि माओरी नसलेली घरंही तिच्यासमोर बसू लागली.

तरी माझ्या लेखी या वाहिनीची सर्वांत मोठी कसोटी 2013 ची. कोहांगा रेओ ही माओरी भाषेची बालवाडी. 1982 पासून आज्या-मावश्यांनी उभी केलेली ही चळवळ नसती तर भाषा वाचली नसती, असं सगळेच मानतात. तिच्याइतकं पवित्र माओरी समाजात फार थोडं आहे. वाहिनीच्या ‘नेटिव्ह अफेअर्स’ कार्यक्रमात मिहिंगारांगी फोर्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चळवळीच्या राष्ट्रीय न्यासाशी जोडलेल्या कंपनीचा हिशेब मागितला. क्रेडिट कार्डवर कशाकशाचा खर्च झाला, हे विचारलं. न्यास न्यायालयात गेला, प्रक्षेपण थांबवा म्हणाला. न्यायालयाने नकार दिला. बातमी लागली.

मग काय झालं असेल, कल्पना करता येईल. आपल्याच वाहिनीने आपल्याच आज्यांवर चिखल उडवला, पाकेहांना, म्हणजे गोऱ्यांना, आयतं कोलीत दिलं, हा आरोप. चौकश्या झाल्या. गंभीर घोटाळ्यांची चौकशी करणाऱ्या कार्यालयाला फौजदारी गुन्ह्याचा पुरावा मिळाला नाही, हेही सांगितलंच पाहिजे. पण प्रश्न विचारणं रास्त होतं. दूरच्या खेड्यात गळक्या छपराखाली बालवाडी चालवणाऱ्या बाईला पैसा कुठे जातो हे विचारायचा हक्क होता, आणि तिच्या वतीने तो कुणीतरी विचारला. पाकेहा वर्तमानपत्राने विचारला असता तर तो हल्ला ठरला असता. आपल्या माणसाने, आपल्या भाषेत, आपल्या रीतीभाती पाळून विचारला म्हणून तो हिशेब झाला. पुढच्या दोन वर्षांत संपादकीय ढवळाढवळीवरून वाहिनीत वाद पेटला, 2015 मध्ये फोर्ब्स बाहेर पडल्या. तिथे वाहिनीचं नुकसान झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या वृत्तकक्षात आपल्यांना प्रश्न विचारायची धमक असते, त्याच्या शब्दाला सरकारसमोरही वजन असतं.

आता पैशाचं. ‘सरकारचाच पैसा घेऊन सरकारविरुद्ध बोलता’ हा टोमणा माओरी माध्यमांना नेहमीचा. 2021 पासून सार्वजनिक हिताच्या पत्रकारितेसाठी 55 दशलक्ष डॉलरचा निधी दिला गेला, त्याच्या अटींत वाइतांगी कराराशी बांधिलकीचा उल्लेख होता, तेव्हा तर ‘माध्यमं विकत घेतली’ अशी हाकाटी झाली. माझं उत्तर सरळ आहे. लाखो एकर जमीन ज्या समाजाच्या हातून गेली त्याच्याकडे वाहिनी चालवण्याइतकं भांडवल कुठून येणार? भाषा राखणं हे सरकारचं कर्तव्य आहे, हे कौतुकाने दिलेलं वचन नाही, करारातून आलेलं देणं आहे. पण हेही खरं, की जो निधी प्रत्येक अर्थसंकल्पात नव्याने मागावा लागतो, तो देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. 2024 मध्ये न्यूझीलंडची सगळीच माध्यमं कोसळत होती. जुलैत ‘न्यूजहब’ या मोठ्या टीव्ही वृत्तसेवेचा वृत्तकक्षच बंद झाला. त्यामुळे ‘यांनाच वेगळा न्याय का’ असं विचारता येईल. म्हणून विचारा, की इंग्रजी बातमी बंद पडली तर ती वाचायला आणखी किती ठिकाणं उरतात, आणि माओरी बातमी बंद पडली तर किती? ‘ते कारेरे’ आजही आहे, पण ते दुसऱ्याच्या वाहिनीवर, दुसऱ्याने दिलेल्या वेळेत.

ही स्थिती बदलण्याचा एक धागा मला देशाच्या उत्तर टोकाकडच्या काइताइया गावात दिसतो. तिथलं ‘ते हिकू मीडिया’ हे इवीचं रेडिओ केंद्र. 2018 मध्ये त्यांनी लोकांना आवाहन केलं, की माओरी वाक्यं वाचून आवाज द्या. दहा दिवसांत सुमारे अडीच हजार माणसांनी तीनशेहून जास्त तासांचा आवाज दिला. त्यावर त्यांनी माओरी बोलणं ऐकून लिहून काढणारी संगणकप्रणाली तयार केली. मोठ्या कंपन्यांना तो साठा हवा होता. त्यांनी दिला नाही. हा आमच्या आजी-आजोबांचा आवाज आहे, तो आम्हीच सांभाळू आणि आमच्या अटींवर वापरू, ही त्यांची भूमिका. बार्कलेंचा आग्रहच हा, पुढच्या यंत्रावर आणलेला. तिथे पीटर-लुकास जोन्स आणि त्यांचे सहकारी राजधानीच्या परवानगीची वाट न बघता काम करत आहेत.

हे सगळं मी मराठी वाचकाला का सांगतो आहे? 2023 च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये भारतीय वंशाचे 2 लाख 92 हजार लोक होते. पाकेहा आणि माओरींनंतर तो देशातला तिसरा मोठा समूह आहे. ऑकलंडमध्ये मराठी घरं आहेत, गणपती बसतो, दिवाळी अंक पोचतात. आणि त्या देशात मतदानासाठी नागरिकत्व लागत नाही. कायम वास्तव्याचा परवाना आणि एक वर्षाचा मुक्काम पुरतो. म्हणजे वाइतांगी कराराचं काय करायचं, माओरी प्रभाग हवेत का, या प्रश्नांवर तुमचा भाचा, तुमची मुलगी मत देते. ती ते कशाच्या आधारावर देते? शेजारी बार्बेक्यूला काय म्हणाला, व्हॉट्सॲपवर काय आलं, यावर देत असेल तर तिला माझी विनंती आहे, की आठवड्यातून एकदा तरी माओरी पत्रकारांचं काम पाहा. इंग्रजी उपशीर्षकं असतात. वसाहतीच्या शाळेत आपली भाषा दुय्यम ठरण्याचं दुःख आपल्याला शिकवावं लागत नाही.

शेवटी एका वृत्तनिवेदिकेबद्दल. ओरिनी काइपारा. हनुवटीवर मोको असलेल्या या बाई डिसेंबर 2021 मध्ये मुख्य वेळच्या इंग्रजी बातम्या द्यायला बसल्या, तेव्हा तो इतिहास होता. अशी स्त्री त्या खुर्चीत पूर्वी कधी बसली नव्हती. सप्टेंबर 2025 मध्ये त्या ‘ते पाती माओरी’ पक्षाच्या उमेदवार म्हणून ऑकलंडमधल्या तामाकी माकाउराउ या माओरी मतदारसंघाची पोटनिवडणूक जिंकून संसदेत गेल्या. त्यांचं अभिनंदन. तरी मला त्या जाण्याने वाईट वाटलं. ज्या वर्षांत वृत्तकक्ष आटत गेले, त्याच वर्षांत उत्तम पत्रकार पक्षात गेली. आणि दोनच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, त्या पक्षाने आपल्याच दोन खासदारांना काढून टाकलं. संसदेतल्या हाकेने जगभर गाजलेला हाच पक्ष. माओरी मतदारांना त्या भांडणाचा खुलासा हवा आहे. पक्षाध्यक्षाला समोर बसवून, माओरीत, न घाबरता, उत्तर मिळेपर्यंत विचारणारी माणसं आहेत. माओरींच्या स्वतःच्या वाहिनीवर रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी अर्धा तास होता. तो त्यांना परत द्या, आणि या वेळी पाच वर्षांचा निधी कायद्यात लिहून द्या.